गाडीचा वांधा

कांदा विकायला गेलेल्या माणसाला ‘वांधा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उमराण्याच्या बाजारात ट्रॉलीवर लिलाव होतो. व्यापारी वरचे चार कांदे हातात फिरवतो, बोली लागते, चिठ्ठी होते आणि ट्रॉली खळ्यावर रिकामी व्हायला जाते. खरी परीक्षा तिथे. वर गोल, लाल, तजेलदार माल आणि पोटात निघाला बदला, म्हणजे हलका माल, की व्यापारी हात वर करतो. झाला वांधा. मग बाजार समितीचा माणूस येतो, घासाघीस होते, क्विंटलमागे काही रुपये उतरतात, शेतकरी दोन शिव्या घालतो आणि संध्याकाळी जेवायला घरी असतो. तक्रार, पाहणी, सुनावणी, निकाल, सगळं दिवस मावळायच्या आत.

अशा ह्या देवळा तालुक्यात जन्म काढून, त्यातली वीस वर्षं पोरांना पारखून घ्यायला शिकवून, मी दोन लाख पस्तीस हजारांची सेकंड हँड गाडी ट्रॉली रिकामी न करता घेतली.

गाडी कोणाकडून घेतली हे सांगायचं तर नात्याचा नकाशा काढावा लागेल. माझ्या साडूच्या चुलत मेव्हण्याचे व्याही. देवळ्यात हे नातं जवळचं धरतात. ह्याच्या पलीकडे गेलं की लग्नपत्रिकेतले ‘समस्त आप्तेष्ट’ सुरू होतात.

सेकंड हँड गाडीची एक स्वतंत्र मराठी आहे. ‘बसा आणि निघा.’ ‘एक रुपयाचं काम नाही.’ ‘पेपर एकदम ओके.’ ‘घरातली गाडी.’ (बाहेरची गाडी कुठे राहते, हे मला अजून कळलेलं नाही.) आणि ह्या सगळ्यांच्या वर ठेवायचं हुकमाचं पान म्हणजे ‘डॉक्टरची गाडी’. डॉक्टरची गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, सावकाश वेग आणि वेळच्या वेळी केलेलं सर्व्हिसिंग उभं राहतं. डॉक्टरला रात्री-अपरात्री कुठे धावत जावं लागत असेल, हे त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येत नाही.

‘‘आमच्या डॉक्टरची गाडी आहे गुरुजी,’’ व्याही म्हणाले. ‘‘त्यांच्याशिवाय स्टेअरिंगला कोणाचा हात नाही.’’

मी बॉनेट उघडायला लावलं आणि आत पाहिलं. लोक आयसीयूच्या काचेतून पाहतात तसं. समजत काही नाही, पण चेहरा गंभीर ठेवायचा. चारही दारं उघडून लावली. हॉर्न वाजवला. एसीपुढे हात धरला. मीटरवर ४८,३१२ किलोमीटर होते. इंजिनाविषयी काहीतरी विचारावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतून पोहे आले. पोहे आल्यावर इंजिनाविषयी प्रश्न विचारणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात. माझे वडील बैल घ्यायला जायचे तेव्हा दात बघायचे, खांदा दाबायचे, चार पावलं चालवून घ्यायचे आणि सौदा होईस्तोवर विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. मला तो त्यांचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. मी पोहे खाल्ले, वर चहा घेतला, आणि पस्तीस हजार इसार देऊन उठलो. उरलेले दोन लाख पुण्याहून माझ्या मुलीने पाठवायचे ठरले.

कागद झाला पाचशेच्या स्टॅम्पवर. शंभराचा स्टॅम्प २०२४ साली गेला, तेव्हापासून फसायलाही पाचशे पडतात. त्या कागदावर त्या दिवसाची तारीख आणि सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे अशी वेळ होती. त्या मिनिटाच्या आधीची सगळी जबाबदारी लिहून देणाराची, नंतरची लिहून घेणाराची. खाली ‘सदर वाहन जसे आहे तसे पाहून, चालवून, खात्री करून घेतले’. मी सही केली. पाहिलं होतं, हे खरं होतं.

पाच दहाला गाडी माझी झाली. सहा वाजता चांदवडच्या रस्त्याला भावडबारीचा घाट चढताना मागून येणाऱ्या एसटीने दिवे मारले. मला वाटलं ओळखीचा ड्रायव्हर असेल, म्हणून मी हात केला. मग आरशात पाहिलं तर एसटी दिसेना. एसटी होती, पण माझ्या धुराच्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी गाडी फिटरकडे नेली. त्याने रेस दिली, ऑइलचं झाकण उघडलं, त्यातून येणाऱ्या वाफेवर हात धरला आणि हात पुसत शुद्ध अहिराणीत विचारलं, ‘‘कितलाले लिधी?’’

मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने पोराला चहा सांगितला, एक माझ्यासाठी. फिटर चहा पाजतो तेव्हा काय समजायचं ते समजावं.

मग त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि खांबावर बोट ठेवलं. तिथे सर्व्हिसिंगचं एक स्टिकर होतं, कोणीतरी नखाने खरवडायचा प्रयत्न केलेलं. नख कंटाळलं असावं. तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि त्याखाली निळ्या बॉलपेनाने ‘पुढील सर्व्हिस १,२०,००० किमी’. गाडीने दोन वर्षांत उलटं चालून पन्नास हजारांहून जास्त किलोमीटर कमी केले होते. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, घासून तकतकीत झालेलं. मागची सीट उचलली तर खाली मूठभर कांद्याची सालं, गोणीचे धागे आणि एक अख्खी गोल्टी, कोंब आलेली. डॉक्टरांची प्रॅक्टिस काय असावी, ह्याचा अंदाज यायला लागला होता.

डॉक्टरचा शोध सोपा निघाला. व्याह्यांचे थोरले बंधू. लहानपणी त्यांनी एकदा गाईला इंजेक्शन दिलं होतं, तेव्हापासून गाव त्यांना डॉक्टर म्हणतं. गाय वाचली की नाही, ह्यावर दोन मतं आहेत.

ज्या वकिलाकडे मी गेलो तो माझा चौथीतला विद्यार्थी. त्याने स्टॅम्पपेपर वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘सर, वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं.’’

‘‘‘डॉक्टरची गाडी’ म्हणाले ते तरी खोटं की नाही?’’

‘‘एमबीबीएस म्हणाले का? गाव त्यांना डॉक्टर म्हणतं ना? मग त्यांच्या मते ते खरंच बोलले. तो मुद्दा आपण मागे ठेवू.’’ आणि त्याने कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. ‘‘सर, तुमच्या गाडीचा कायदा मुळात घोड्याचा आहे.’’

मला वाटलं थट्टा करतोय. पण भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. मोटारीचं पेटंट निघायला तेव्हा अजून चौदा वर्षं होती. त्याच्या १७ व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगितलंय आणि खाली समजुतीसाठी उदाहरणं दिलीत, त्यातली पहिली तीन घोड्याची. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला ठाऊक आहे. अ काही बोलत नाही. हे कपट नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणं नव्हे. बघणाऱ्याने बघून घ्यावं.

आमच्या घरावरून जाणारा विंचूर-प्रकाशा रस्ता सटाणा, ताहाराबाद करत शेवटी तापीकाठी पोचतो, आणि तिथेच जवळ सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. हे उदाहरण तिथे खांबावर लावलं तर कोणी वर मान करून वाचणार नाही. घोडेवाल्यांना ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं.

‘‘आता दुसरं उदाहरण ऐका,’’ वकील म्हणाला. ‘‘तोच घोडा, पण ब ही अ ची मुलगी, नुकतीच सज्ञान झालेली. इथे मात्र बापाने सांगायलाच पाहिजे. नातं आलं की सांगण्याचं कर्तव्य आलं.’’

हे ऐकून मी बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो. दीडशे वर्षांपूर्वी ज्या साहेबाने हे लिहिलं, त्याला आमच्याकडे एक लग्न जेवायला घालायला हवं होतं. नातं आलं की विकणाऱ्यावर बोलायची जबाबदारी येते म्हणे! आमच्यात नातं आलं की घेणाऱ्यावर न विचारायची जबाबदारी येते. परक्याला आपण विचारतो, ‘‘अॅक्सिडेंट झालाय का?’’ व्याह्याला विचारलं तर तो म्हणणार, ‘‘गुरुजी, भरवसा नाही का?’’ आणि पुढच्या तीन लग्नांत तो आपल्या पंगतीला वाढणार नाही.

‘‘तिसरं उदाहरण?’’

‘‘ते आपल्या कामाचं नाही. तिथे घेणारा काहीतरी बोलतो. तुम्ही पोहे खाल्ले.’’

मग त्याने बाकीच्या वाटा दाखवल्या. मला वाटायचं, अन्याय झाला की ग्राहक मंच. नाशिकला जिल्हा आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सगळं माझ्या सोयीचं. अडचण एवढीच की ग्राहकासमोर व्यापारी लागतो, आणि स्वतःची एक गाडी विकणारा व्याही कायद्याला व्यापारी दिसत नाही. गाडी बाजारातल्या डीलरकडून घेतली असती तर तक्रार चालली असती. शिवाय जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. म्हणजे परक्याकडे पोहे मिळाले नसते, पण दाद मिळाली असती. ‘‘त्यांनी आधी गाड्या विकल्यात का?’’ वकिलाने विचारलं. मी पुढचे दोन रविवार व्याह्यांच्या खळ्यावरून मुद्दाम स्कूटर घेऊन गेलो. लिंबाखाली पाच गाड्या होत्या. तीन पुतण्यांच्या, एक भाच्याची, आणि एकीच्या चाकातून उंबराचं झाड आलेलं. त्या एकीची मालकी कोणी सांगेना, पण तिला बाजारही नव्हता.

‘‘पोलिसात जाऊ? चारशे वीस?’’

‘‘चारशे वीस गेलं सर. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं तीनशे अठरा.’’

ह्याचं मला गाडीपेक्षा जास्त दुःख झालं. एखाद्याला ‘एक नंबरचा चारशे वीस’ म्हणण्यात जी चव आहे ती ‘एक नंबरचा तीनशे अठरा, पोटकलम चार’मध्ये कुठून आणायची? शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत, पण शिवी हातची गेली. राज कपूरने १९५५ साली ‘श्री ३१८’ काढला असता तर तिकीटबारीवर काय झालं असतं? वकिलाला ह्यात रस नव्हता. त्याचं म्हणणं, फसवायचा हेतू सौद्याच्या वेळीच होता हे दाखवावं लागतं, नाहीतर पोलीस ‘दिवाणी बाब आहे’ म्हणतात, आणि दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देऊ नका असं सुप्रीम कोर्टही वारंवार सांगत आलंय.

राहिलं दिवाणी. इथे मात्र त्याचा आवाज चढला. ‘‘गप्प बसणं वेगळं आणि मीटर मागे फिरवणं वेगळं. तो काटा आपणहून फिरला नाही. आरसीवर बघा, चार वर्षांपासून गाडी त्यांच्या नावावर आहे. स्टिकर दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे एक लाखाच्या वर गाडी पळाली ते त्यांच्याच काळात. खोटं सांगून संमती घेतली की करार मोडायचा हक्क तुमचा. गाडी परत द्या, पैसे परत मागा. नाहीतर गाडी ठेवा आणि फरक मागा. पण लवकर ठरवा, आणि तोवर गाडी चालवू नका. फसवणूक कळल्यावरही वापरत राहिलात तर तुम्हाला ती मान्य आहे असं धरतील.’’

ह्या बाबतीत गाडीने सहकार्य केलं. ती सुरूच होत नव्हती.

‘‘पण ते म्हणतील, गुरुजींनी बघून घेतली, तपासता आली असती,’’ तो म्हणाला. ‘‘साध्या चुकीच्या माहितीला हा बचाव चालतो, उघड लबाडीला चालत नाही. ‘जसे आहे तसे’चंही तेच. लबाडीवर ते पांघरूण पुरत नाही. फक्त त्यांनी तोंडाने किंवा लिहून काही सांगितल्याचा पुरावा पाहिजे. आहे काही?’’

नव्हतं. मी उठलो.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ह्याच विषयावर निबंध लिहिला. जुन्या गाडीतलं खरं फक्त विकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पाडून भाव देतो, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारात यायचे थांबतात आणि मागे खटारेच उरतात. अशा खटाऱ्याला तिकडे लिंबू म्हणतात, आणि ह्या लिंबापायी त्याला पुढे २००१ साली नोबेल मिळालं. माझ्या गाडीच्या पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती. व्याह्यांनी सगळं उघड लिहून ठेवलं होतं. मलाच वाचता आलं नाही.

रात्री मुलीचा फोन आला. मी तिला घोड्याची उदाहरणं सांगितली. ती म्हणाली, ‘‘थांबा आप्पा, तिसरं उदाहरण काय होतं?’’

मी वकिलाला फोन लावला. त्याने वाचून दाखवलं. घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन. विकणारा काही बोलत नाही. इथे त्याचं गप्प बसणं हेच बोलणं.

ते मुलीला सांगितलं, तर तिच्याकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. व्याह्यांबरोबरच्या तिच्या व्हॉट्सअॅपचा. दोन लाख पाठवायच्या आधी, सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी तिने लिहिलं होतं: ‘काका, मीटर खरं आहे आणि इंजिनचं काही काम नाही असं धरून पैसे पाठवते. तसं नसेल तर आत्ताच सांगा.’ त्याखाली उत्तर काही नव्हतं. होत्या दोन निळ्या खुणा. आणि १० वाजून ५ मिनिटांनी बँकेत पैसे.

माझी मुलगी पुण्यात वाढली. नात्यात प्रश्न विचारायचे नसतात हे तिला शिकवायचं राहून गेलं होतं.

वकील दुसऱ्या दिवशी त्या निळ्या खुणांकडे असा पाहत होता, जसा आमच्याकडे कोणी बोअरला पाणी लागल्यावर पाहतो. ‘‘सर, १८७२ पासून हे कलम ह्या दोन खुणांची वाट बघत होतं.’’ मुलीचा मोबाइल जपून ठेवायचा, मेसेज पुसायचा नाही, साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र तयार ठेवायचं, हे सगळं त्याने मला चौथीच्या पोराला सांगतात तसं दोनदा सांगितलं.

नोटीस गेली. पंधरा दिवसांची मुदत. तिच्यात एक परिच्छेद असा होता की तो मी तीनदा वाचला. गाडी अजून व्याह्यांच्या नावावर होती. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. त्यांनी मालकी बदलायच्या टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या होत्या, बस. नोटिशीत लिहिलं होतं की सुप्रीम कोर्टाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार ह्या प्रकरणात सांगितलंय, गाडी पुढे कितीही हात बदलो, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तो मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्या दारात. त्या प्रकरणातली गाडी बऱ्याच हातांतून गेली होती, तरी पैसे भरायची पाळी पहिल्यावरच आली. आणि आमच्या ह्या गाडीचा विमा मार्चमध्येच संपलेला.

दिलेल्या पोह्यांची आठवण करून देणारे दोन फोन साडूंमार्फत आले. ‘नातेवाइकाला नोटीस?’ असा एक निरोप लग्नाच्या हळदीत मिळाला. पण भावडबारीच्या घाटात आपल्या नावाची, विमा नसलेली गाडी मास्तर चालवतोय, ह्या कल्पनेने व्याह्यांची झोप गेली असावी. बाराव्या दिवशी त्यांनी पाचकंदील चौकात चहाला बोलावलं.

सोबत डॉक्टर होते. माणूस सज्जन. बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘गाडी माझी नाही, गुरुजी. मी फक्त कांदे न्यायचो.’’ व्याह्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला, तो चुकून माझ्या पायावर पडला.

आधी व्याह्यांनी पैशांऐवजी कांदा देऊ केला. चाळीतला, उन्हाळी, पंधरा क्विंटल. ‘‘भाव वाढला तर फायदा तुमचा.’’ मी म्हटलं, चाळ आधी रिकामी करून दाखवा. ते हसले. मग मीही हसलो. त्या चहापासून व्यवहार माणसांसारखा सुरू झाला. सत्तर हजार परत, त्याच दिवशी. टीटी फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत भरला. विमा माझ्या नावावर. वकिलाने पुन्हा पाचशेचा स्टॅम्प आणला. ह्या वेळी मी तो चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने वाचला. डॉक्टरांनी मध्येच एका ओळीवर शंका काढली आणि ती बरोबर निघाली.

इंजिन खोललं. बासष्ट हजार गेले. उरलेल्या आठात मुलीला मोबाइलची नवी काच. आता गाडी बरी आहे. धूर नाही, आवाज नाही. फक्त भावडबारी चढताना दुसरा गिअर कधीकधी आपणहून बाहेर येतो, पण लिव्हरवर हात धरून ठेवला तर राहतो. फिटर म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बघू.

परवा व्याह्यांचा फोन आला होता. भाच्याला गाडी हवी आहे, इंजिन केलेली मिळाली तर उत्तम, घरातली असली तर फारच उत्तम. मी म्हटलं विचार करतो. आज सकाळी त्यांचा व्हॉट्सअॅप आला: ‘गुरुजी, गाडीत आता काही काम नाही असं धरून चालतो. तसं नसेल तर आत्ताच सांगा.’

मी तो उघडून वाचला, हीच चूक झाली. निळ्या खुणा गेल्यात. दुपारचे तीन वाजलेत, मी अजून उत्तर लिहितोय.